उंदीर पडला की गाव उठायचे: साथ, भीती आणि सीमाभागातील माणसांची वागणूक

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातील आपल्या गावाने मार्च २०२० मध्ये, पंचक्रोशीत कोरोनाचा एकही रुग्ण नसताना, वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ता बंद केला आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्याच मुलांना चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवले. त्याच गावाने एप्रिल-मे २०२१ मध्ये, घराघरात ताप असताना, लग्नाच्या पंगती उठवल्या. याला अडाणीपणा म्हणावे, बेफिकिरी म्हणावे की आणखी काही, आणि पुढे अशी साथ आली तर शिक्षक म्हणून मुलांना व पालकांना काय सांगावे, असे आपण विचारले आहे.

अडाणीपणा हा शब्द आधी बाजूला ठेवू. त्या दोन वर्षांत आम्ही डॉक्टर मंडळींनी तोच शब्द सर्वांत जास्त वापरला आणि त्यामुळे आमचेच निदान चुकले. माझी बहुतेक नोकरी बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की आपल्या गावाला दोन्ही वेळा धोका कळला होता. फरक एवढाच की पहिल्या वेळी तो डोळ्यांना दिसेल आणि हातांना अडवता येईल अशा रूपात समोर उभा होता, आणि दुसऱ्या वेळी तो दिसतही नव्हता व त्यावर करण्याजोगे काही हातातही नव्हते. माणूस रोगाच्या आकड्याकडे पाहून वागत नाही. धोका कुठून येतो, कोणाला होतो, तो टाळण्यासाठी आपण काय करू शकतो आणि ते करताना आपले किती जाते, या चार गोष्टींचा हिशोब करून तो वागतो. हा हिशोब कधी चुकतो, पण तो केलेला असतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच भागातील प्लेगचे आहे. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग लवकरच बेळगाव-धारवाडकडे आला आणि पुढे अनेक वर्षे हिवाळ्याच्या सुमारास पुन्हा पुन्हा येत राहिला. त्या काळातील सरकारी सक्तीबद्दल, १८९७ च्या साथरोग कायद्याबद्दल आणि पुण्यात त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या रँडच्या वधाबद्दल आपण मुलांना शिकवतच असाल. त्याच काळात लोकांनी स्वतःहून काय केले, ही दुसरी बाजू मात्र आपण क्वचित सांगतो. घरात उंदीर मरून पडला की गाव उठायचे. माणसे भांडीकुंडी आणि गुरे घेऊन माळावर झोपड्या घालायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायची. हे शहाणपण शास्त्राला धरून होते. रोग आधी उंदरांत पसरतो, उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात, त्यामुळे उंदीर पडणे आणि माणूस आजारी पडणे यांच्यात काही दिवसांची फट राहते. त्या फटीत गाव सोडले तर जीव वाचतो. रोगजंतूचे नाव ठाऊक नसलेल्या माणसांनी हे नुसत्या डोळ्यांनी पाहून ठरवले होते.

कोरोनाचा उंदीर कोणता होता? कोणताच नव्हता, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. ज्याच्यापासून लागण व्हायची तो माणूस बहुधा ठणठणीत दिसायचा, कारण लक्षणे येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो रोग पसरवत असे आणि अनेकांना तर लक्षणे येतच नसत. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत सरासरी पाच दिवस जात, दम लागायला आणखी आठवडाभर, आणि ज्यांचा मृत्यू व्हायचा तो लागणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी होई. आता साथ दर आठवड्याला दुप्पट होत आहे असे धरा. गावातील पहिल्या तिरडीला खांदा देताना जी भीती वाटते, ती तीन आठवड्यांपूर्वीच्या लागणीची असते, आणि तेवढ्या काळात लागण आठपट झालेली असते. भीती साथीच्या मागून चालत होती. प्लेगमध्ये ती पुढे चालत असे.

मग मार्च २०२० मध्ये रुग्ण नसताना एवढी भीती कशी आली? पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये मांडलेले विवेचन इथे उपयोगी पडते. माणसाला एखादा धोका किती मोठा वाटतो हे मृत्यूंच्या संख्येवर फारसे अवलंबून नसते. तो अनोळखी आहे का, आपल्या ताब्याबाहेरचा आहे का, एकदम अनेकांना गिळणारा आहे का, यावर ते ठरते. त्या महिन्यात हे सगळे एकत्र आले होते. देशातील पहिला मृत्यू आपल्याच राज्यात, कलबुर्गीत, झाला होता. २२ मार्चला जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. विलगीकरणात असणाऱ्यांच्या हातावर शिक्के मारले जात होते. रोग अनोळखी होता, पण तो कुठून येणार हे स्पष्ट दिसत होते, म्हणजे हमरस्त्यावरून, शहरातून, बसमधून उतरणाऱ्या पाहुण्याच्या पावलांनी. त्यामुळे काट्यांची फांदी हे त्यावर चोख उत्तर वाटले. काम सोपे होते, सर्वांनी मिळून करायचे होते आणि केल्याचे समाधान लगेच मिळत होते. आपली मुले परत आली तेव्हा गावाने त्यांना परकी मानले, याची खंत अनेक घरांत अजून आहे. पण वागणूक म्हणून पाहिले तर त्या फांदीमागे तोच तर्क होता, जो माळावरच्या झोपडीमागे होता.

वर्षभरात मात्र गावाच्या हिशोबात काय बदलले ते पाहू, कारण इथे नुसते मानसशास्त्र पुरत नाही, साधी अंकगणिताची वहीही उघडावी लागते. समजा गाव दोन हजार वस्तीचे आहे. एरवी आपल्याकडे दर हजारी वर्षाला सहा-सात माणसे जातात, म्हणजे या गावात वर्षाला बारा-चौदा, महिन्याला एखादे. आता समजा पहिल्या लाटेत सहाशे जणांना लागण झाली आणि त्यांतील दोघे दगावले, दोघेही सत्तरी ओलांडलेले आणि आधीच मधुमेहाने थकलेले. महिनाभरात एकाऐवजी तीन मयती झाल्या, तर गावाला त्यात साथ दिसेल का? म्हातारी माणसे गेली, असेच गाव म्हणेल. शहरातील किंवा जिल्ह्याच्या कचेरीत बसलेल्या माणसाला जिल्ह्याची बेरीज समोर असल्यामुळे हाच प्रकार भयंकर दिसतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. त्यात या रोगाचा धोका वयाप्रमाणे फार वेगाने चढत होता. लसीपूर्व काळातील अभ्यासांनुसार लागण झालेल्यांपैकी पंचविशीतील दहा हजारांत सुमारे एक, पंचावन्नच्या वयात हजारात चार, तर पंच्याहत्तरीत शंभरात चार-पाच दगावत. म्हणजे लग्नात नाचणाऱ्या तरुणाचा स्वतःपुरता अंदाज चुकीचा नव्हता. त्याच्या अंदाजात घरच्या खोलीत बसलेली आजी नव्हती, एवढीच चूक होती. आम्ही त्याला ‘तू मरशील’ असे सांगत राहिलो. ते त्याला पटले नाही आणि पटण्यासारखे नव्हतेही.

मनुष्यस्वभावाचा आणखी एक भाग यात मिसळतो. १९८० मध्ये नील वाइनस्टाइन यांनी दाखवले होते की वाईट गोष्टी इतरांपेक्षा आपल्या वाट्याला कमी येतील, असे बहुतेकांना मनापासून वाटते. त्यात एकदा ताप येऊन गेला आणि काही झाले नाही, की ही समजूत पक्की होते. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्या भागात अनेकांना तसा ताप येऊन गेला होता.

इथपर्यंतचे विवेचन महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कोणत्याही गावाला लागू पडेल. सीमाभागातील मराठी माणसाचा प्रकार मात्र थोडा वेगळा होता, आणि माझ्या वाचनात तो कुठे नीट मांडलेला आढळला नाही. आपण राहतो कर्नाटकात आणि बातम्या पाहतो मराठी वाहिन्यांवर. आपल्या घरातील भीतीचा पारा मुंबई-पुण्याच्या आकड्यांवर चढत-उतरत होता, बेळगावच्या नव्हे. २०२१ च्या फेब्रुवारीत विदर्भात रुग्ण वाढू लागले तेव्हापासून आपल्याकडील घरांत रोज संध्याकाळी त्याच बातम्या चालू होत्या. महाराष्ट्रातील रोजच्या रुग्णांचा आकडा १८ एप्रिलला ६८,६३१ वर पोचला आणि त्यानंतर उतरू लागला. कर्नाटकाचा सर्वांत मोठा आकडा, ५०,११२, त्यानंतर सतरा दिवसांनी, ५ मे रोजी आला. म्हणजे आपल्या गावात ताप वाढत होता नेमक्या त्याच दिवसांत घरातील टीव्ही ‘रुग्णसंख्या घटतेय’ असे सांगू लागला होता. दोन महिने घाबरून दमलेल्या माणसाला ‘आता उतार आहे’ हे ऐकायचेच होते.

नियमांचेही तसेच झाले. एप्रिलच्या अखेरीस कर्नाटकात किराणा-भाजीची दुकाने सकाळी ६ ते १० आणि महाराष्ट्रात ७ ते ११ अशी उघडी असत. निपाणीच्या माणसाचे सासर कागलला आणि खानापूरच्या माणसाची सोयरीक चंदगडला, त्यामुळे दोन्हीकडचे नियम त्याला रोज फोनवर कळत. दोन सरकारांच्या वेळा वेगळ्या आहेत, तर यात रोगाचा संबंध किती आणि सोयीचा किती, अशी शंका त्याच्या मनात आली तर ती गैर म्हणता येणार नाही. कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतील चाचणीचा दाखला मागितला जाई आणि दोन मैलांवरच्या आडवाटेने दुचाक्या सुखाने ये-जा करीत. असा नियम पाळणारा फसतो आणि मोडणारा हुशार ठरतो. पुढच्या नियमाची पत त्याच दिवशी संपते.

आणि १७ एप्रिल २०२१ विसरून चालणार नाही. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचे २३ सप्टेंबर २०२० रोजी कोरोनाने निधन झाले. बेळगावचा या आजाराने घेतलेला हा सर्वांत ठळक बळी होता. त्यांच्या रिक्त जागेची लोकसभा पोटनिवडणूक महाराष्ट्रातील उच्चांकाच्या आदल्या दिवशी आणि कर्नाटकातील उच्चांकाच्या अडीच आठवडे आधी झाली. कोरोनाने गेलेल्या खासदाराच्या जागेसाठी, कोरोना चढत असताना, सर्वच बाजूंच्या सभा भरल्या. मी कोणत्या एका पक्षाला दोष देत नाही. पण ज्या माणसाने सोमवारी सभेत खांद्याला खांदा लावला त्याला शुक्रवारी लग्नातील पाहुण्यांची संख्या मोजायला सांगणे मला तरी जमले नाही. लोक सूचना ऐकत नाहीत, सूचना देणारे कसे वागतात ते पाहतात. त्यात ज्या घरांनी २०२० मधले लग्न वर्षभर पुढे ढकलले होते, त्यांच्यासाठी पुन्हा लांबवण्याची किंमत आता दुप्पट झाली होती. मुलीचे वय, ठरलेली सोयरीक, सभागृहाचे अडकलेले पैसे, हे सगळे त्या हिशोबात होते.

आता भीतीकडे वळतो. साथीच्या दिवसांत आमच्या बैठकांत एक वाक्य हमखास यायचे, ‘लोकांना भीतीच राहिलेली नाही.’ माझा अनुभव उलट आहे. मे २०२१ मध्ये लोक प्रचंड घाबरलेले होते. त्यांची भीती आम्ही सांगत होतो त्या वस्तूची नव्हती, एवढेच.

त्या महिन्यातील एक दुपार सांगतो. एका घरी आशाताईंसोबत, म्हणजे गावातील आरोग्य स्वयंसेविकेसोबत, गेलो होतो. सोप्यात बाजेवर साठीतील गृहस्थ पडले होते, उशाशी मोसंबी आणि सलाईनची रिकामी बाटली होती. गावातल्या खासगी डॉक्टरकडून चार दिवस उपचार चालू होते. मुलाने तपासणीचा कागद पुढे केला. त्यावर विडाल चाचणी होकारार्थी होती. मुलगा म्हणाला, ‘टायफॉईडच हाय की वो डॉक्टर, त्यो न्हवं.’ ‘त्यो’ म्हणजे कोण, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आशाताईंनी पिशवीतून ऑक्सिमीटर काढून वडिलांच्या बोटाला लावला. आकडा ८६ वर स्थिरावला. गृहस्थ मात्र शांतपणे विचारत होते, चहा घेणार का? या आजारात रक्तातील प्राणवायू उतरला तरी कित्येकदा धाप लागत नाही, त्यामुळे माणूस बरा दिसतो आणि आत बुडत असतो. मी मुलाला कोरोना हा शब्द न उच्चारता एवढेच म्हटले की हा आकडा ९४ च्या वर हवा, नाव काहीही असो. तो आकड्याकडे पाहत राहिला आणि दहा मिनिटांत गाडी सांगायला गेला. त्याचे वडील वाचले.

त्या उन्हाळ्यात गावोगाव ‘टायफॉईड’ झाला होता. विडाल ही फार कच्ची चाचणी आहे, जुन्या लागणीने किंवा भलत्याच तापानेही ती होकारार्थी येऊ शकते, हे डॉक्टरांना ठाऊक असते. तरीही ते नाव सर्वांना हवे होते, कारण कोरोना म्हटले की दारावर कागद चिकटणार, शेजारी दूध घालणे बंद करणार, रुग्णवाहिका गल्लीतून माणूस घेऊन जाणार आणि कदाचित त्याचे तोंडही पुन्हा पाहायला मिळणार नाही. टायफॉईडमध्ये यांतले काहीच नव्हते, माणूस घरीच राहत होता. लोक रोगाला नव्हे, रोगाच्या नावाला घाबरले होते आणि ते नाव एवढे भयंकर करण्यात आमचा, प्रशासनाचा व वाहिन्यांचा हात होता.

किम विट या संशोधिकेने १९९२ मध्ये मांडलेला सिद्धांत या प्रसंगाला तंतोतंत लागू पडतो. भीतीबरोबर ‘हे मी करू शकतो आणि केल्याने उपयोग होतो’ असा विश्वास मिळाला तर माणूस धोक्यावर उपाय करतो. तो विश्वास नसेल तर माणूस धोक्याऐवजी भीतीवर उपाय करतो, म्हणजे नाकारतो, चेष्टा करतो किंवा दुसरे नाव देतो. त्या मुलाच्या बाबतीत ऑक्सिमीटरने नेमके हे केले. न दिसणाऱ्या गोष्टीला त्याने दिसणारा आकडा दिला आणि आकड्यासोबत पुढचे पाऊलही दिले. कोरोनाला उंदीर नव्हता असे मी वर म्हटले. ज्या थोड्या घरांत तो सापडला, तिथे तो म्हणजे बोटाला लावायचा हा ऑक्सिमीटर होता.

आमच्या चुकांचा हिशोबही मांडायला हवा, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. सुरुवातीला आम्ही सांगितले की निरोगी माणसाला मास्क नको. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी शिवलेला मास्क वापरा असे सांगितले आणि जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी तशी शिफारस जूनमध्ये केली. ज्ञान वाढते तसा सल्ला बदलतो, ही खरे तर शास्त्राची चांगली बाजू आहे. पण काल हे का सांगितले होते आणि आज ते का बदलले, हे आम्ही उघडपणे कधी सांगितले नाही, नवा सल्ला जुन्यावर पांघरूण घालून पुढे केला. लोकांच्या लक्षात बदल राहिला, कारण राहिले नाही.

दुसरी चूक अधिक मोठी होती. आम्ही भाजी धुवायला लावली, नोटांना इस्त्री करणारी माणसे पाहिली आणि पंचायतींनी द्राक्षबागेचे फवारणी पंप ट्रॅक्टरला लावून रस्त्यांवर हायपोक्लोराइट मारले तेव्हा त्यांचे कौतुक केले. माणसांवर फवारणी करू नये असे मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच स्पष्ट केले होते, तरी कित्येक ठिकाणी ती झाली. फवारणी लोकांना आवडली, कारण ती दिसत होती, तिला वास होता आणि काहीतरी झाल्यासारखे वाटत होते. प्रत्यक्षात हा रोग मुख्यतः हवेतून, बंद खोलीतील श्वासांतून पसरत होता. खिडकी उघडा, लग्न मांडवात ठेवा पण सभागृहात नको, भजन पारावर करा पण बंद देवळात नको, हे साधे सांगणे आम्ही फार उशिरा आणि फार हळू आवाजात केले. ‘लग्न करू नका’ हे त्या घरांना जमणारे नव्हते. ‘उघड्यावर करा, पंगत दूर बसवा आणि साठीच्या पुढच्यांना मांडवात आणू नका’ हे जमले असते. अशक्य गोष्ट मागितली की शक्य गोष्टही हातची जाते, हे मी त्या उन्हाळ्यात शिकलो.

लसीबाबत थोडक्यात सांगतो. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले तेव्हा आपल्याकडील टाळाटाळीला सगळे ‘अफवा’ म्हणून मोकळे झाले. अफवा होत्याच. पण निपाणीच्या विडी कामगार बायकांशी किंवा वडगाव-शहापूरच्या मागावरच्या विणकरांशी बोलले की दुसरेच कळायचे. लस घेतली की एक-दोन दिवस अंग मोडून ताप येतो आणि ज्याचे पोट नगावर चालते त्याचे तेवढे पैसे बुडतात. त्यांचा आक्षेप लसीवर नव्हता, वारावर होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी, त्यांच्याच गल्लीत शिबिर ठेवले की रांग लागे. शिवाय आपण केलेल्या गोष्टीने झालेले नुकसान न केलेल्या गोष्टीच्या नुकसानापेक्षा मनाला जास्त बोचते, हा सार्वत्रिक स्वभाव आहे. मुलाला देवाघरी नेणारा रोग ‘आला’, पण लस तर ‘आपण टोचून घेतली’. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीची एक बाटली दूषित निघून १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा त्या लसीने वाचवलेल्या हजारोंपेक्षा हे एकोणीसच लोकांच्या बोलण्यात राहिले. ज्या बेळगावात एकेकाळी देवीची लस तयार होत असे आणि ज्याच्या टिळकवाडीतील मैदानाला आजही ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हणतात, त्या गावातील माणसाला लसीची ओळख नव्याने करून द्यावी लागावी, याची मला गंमतही वाटली आणि थोडे वाईटही वाटले.

आता पुढच्या साथीसाठी काय करावे, हा आपला दुसरा प्रश्न. माझे पहिले सांगणे असे की गावाला गावाचा आकडा द्या. देशाचा, राज्याचा, अगदी जिल्ह्याचाही आकडा गावाला काही सांगत नाही. दुसऱ्या लाटेच्या शेवटी शेवटी एका गावात आम्ही एक साधा प्रयोग केला. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर शाळेतला एक जुना फळा टांगला. आशाताई घरोघर फिरून ताप-खोकल्याची घरे मोजत आणि गुरुजी रोज पहाटे खडूने तीन ओळी लिहीत, मराठीत आणि कन्नडमध्ये: काल गावात ताप आलेले किती, ऑक्सिजन ९४ च्या खाली असलेले किती, गाडीसाठी फोन कोणाला करायचा. कोणाचेही नाव नाही, गल्लीचेही नाही. दूध घालायला घरटी एक माणूस येतोच, आणि तो किटली टेकवून फळा वाचूनच जात असे. आकडा चढू लागला तेव्हा पंचांनी स्वतः होऊन आठवडाभर पाराची बैठक बंद केली. आम्ही त्यांना तसे सांगितले नव्हते. एका फळ्यावरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही, पण गावाच्या ओळखीच्या अक्षरात लिहिलेला तो आकडा तिरडीच्या आधी येत होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसरे सांगणे, गावाची स्वतःची रीत वापरा. आपल्याकडे वार पाळण्याची पद्धत आहे. पंच ठरवतात, दवंडी फिरते आणि ठरलेल्या वारी शेतातली कामे थांबतात. कोणी पोलीस उभा नसतो, कोणाला दंडही होत नाही, आणि तरी अख्खे गाव मजुरी बुडवून ती पाळणूक पाळते, कारण ती सर्वांनी मिळून ठरवलेली असते, तिला शेवटचा दिवस असतो आणि शेजारी पाळतो हे दिसत असते. टाळेबंदीत या तिन्ही गोष्टी नव्हत्या. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, ती वरून आली आणि शेजारी आडवाटेने जाताना दिसत होता. साथीत पाळणूक सांगताना देवीच्या कोपाचा आधार घ्यावा, असे मी मुळीच म्हणत नाही. रोगाबद्दल खोटे बोलून मिळवलेली शिस्त फार महागात पडते. ठरवणारे कोण, मुदत किती आणि सूट कोणाला, हे मात्र त्या रितीतून घ्यावे.

भाषेबद्दल एवढेच म्हणेन की आरोग्याची सूचना ज्या भाषेत माणूस घरात भांडतो त्या भाषेत हवी. आमच्या केंद्रात येणारी पत्रके कन्नडमध्ये असत आणि आशाताई ती दारोदार तोंडी मराठीत सांगत. प्रत्येक तोंडागणिक सूचना थोडी बदलत असे. ‘कर्नाटकाचे मराठीकडे दुर्लक्ष’ या जुन्या वादात हा मुद्दा ओढला की तो तिथेच अडकतो, म्हणून मी तो नेहमी औषधाच्या भाषेत मांडतो: चुकीच्या भाषेतील सूचना म्हणजे चुकीच्या मात्रेतील गोळी.

मुलांसाठी आपण काय करू शकता, तर धडा देण्याऐवजी एक शोध द्या. आपल्या गावाच्या प्लेगच्या झोपड्या कोणत्या माळावर होत्या, हे आई-आजीकडून ऐकलेले एखादे नव्वदीतले माणूस गावात अजून असेल. मुलांनी त्यांच्याकडे जावे, जागा विचारावी, किती दिवस राहिले, धान्य कोणी पोचवले, आजाऱ्याला कोणी पाहिले आणि परत कधी व कोणाच्या सांगण्यावरून आले, ते लिहून घ्यावे. त्याच वहीच्या समोरच्या पानावर २०२० आणि २०२१ साठी हेच प्रश्न आपल्या आई-वडिलांना विचारावेत. वेशीवर काटे टाकणारे आणि पंगतीत वाढणारे हात बहुधा त्याच घरातले असतील. त्यांना दोष न देता विचारले तर ते खरे सांगतील, असा माझा अनुभव आहे.